चेतकला निरोप

घरचें जनावर गेलें तर शेजारीपाजारी विचारपूस करावयास येतात. यंत्र मोडलें तर कोणी येत नाहीं. यंत्राला जीव नसतो हें मुलांना शाळेंतच शिकवितात, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. तरीपण २०१८ सालच्या आषाढांत पुण्याच्या सदाशिव पेठेंतील एका वाड्यांत एक स्कूटर मोडून येऊन पडली, तेव्हां वाड्यांतील बिऱ्हाडकरू एकामागून एक जिने उतरून तिला पाहून गेले, आणि जाण्यापूर्वीं बहुतेकांनीं तिच्या बैठकीवर हात ठेवला.

तिचे मालक विमाकचेरींतून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ. वाड्यांतील लहानथोर त्यांना अप्पा म्हणतात व त्यांच्या पत्नीला काकू. येथेंहि तींच नांवें पुरेशीं आहेत.

गाडी होती चेतक. आज पंचविशींत असलेल्या पुष्कळ तरुणांनीं ती चित्रांतच पाहिली असेल. पण १९७२ नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत मध्यमवर्गीय माणसाचा संसार या गाडीनें जितका वाहिला, तितका दुसऱ्या वाहनानें क्वचितच वाहिला असेल. १८ जून १५७६ रोजीं हळदीघाटच्या रणांत जखमी होऊनहि महाराणा प्रतापांना पाठीवर घेऊन ओढ्यापलीकडे नेणाऱ्या आणि मग प्राण सोडणाऱ्या घोड्याची परंपरागत कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या घोड्याचें नांव कारकुनाच्या गाडीला देणें म्हणजे थोडी अतिशयोक्तीच झाली. पण कारकुनाचेंहि एक रण असतें, हें नांव देणाऱ्याच्या ध्यानांत आलें असावें.

अप्पांनीं गाडीसाठीं नांव नोंदविलें तें १९७६ सालीं, आणि गाडी दारांत आली ती १९८४ सालीं. आजच्या श्रोत्यांना हें थट्टेचें वाटेल. पण त्या काळीं कारखान्यानें किती गाड्या बनवाव्या याचा आंकडा सरकारी परवान्यानें बांधून दिलेला असे, आणि घेणाऱ्यांची रांग त्या आंकड्यापेक्षां फार लांब होती. नवी गाडी शोरूममधून बाहेर काढून तशीच दुसऱ्याला विकली तर मूळ किंमतीहून अधिक पैसे हातांत पडत. नोंदणी केली तेव्हां अप्पा अविवाहित होते. गाडी आली तेव्हां त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती. पुढें फळीवर मुलगा उभा, त्यामागें अप्पा, अप्पांच्या व काकूंच्या मध्यें दाबून बसविलेली मुलगी, आणि शेवटीं एका अंगानें बसलेल्या काकू, हातांत पिशवी, अशी ती चौघांची वरात पर्वतीच्या पायथ्याशीं, सारसबागेंत, लग्नामुंजींना जात असे. दळणाचा डबा, स्वयंपाकाच्या वायूचें नळकांडें, दिवाळींत वाण्याकडील सामानाचें पोतें हीं सर्व पुढच्या सपाट फळीवरून आलीं. दरवर्षीं गणपति आला तोहि याच गाडीवरून. काकू मांडीवर मूर्ति घेऊन बसत आणि अप्पा गाडी इतकी सावकाश हांकीत कीं सायकलवाले पुढें जात. मूर्तीला एकाहि वर्षीं धक्का लागला नाहीं, हें काकू आजहि सांगतात.

गाडीचे स्वभाव होते. थंडीच्या दिवसांत सकाळीं ती पहिल्या लाथेस कधींच जागी होत नसे. मग तिला एका अंगावर कलती करावयाची, चोक ओढावयाचा, दहा-बारा लाथा मारावयाच्या. तेवढ्यानेंहि न झालें तर प्लग काढून कांचकागदानें घासावयाचा आणि फुंकर मारून परत बसवावयाचा. हें सर्व अप्पा कचेरीच्या पांढऱ्या सदऱ्यांत, बाह्या सरसावून, न चिडतां करीत. एरवीं ते फार शांत स्वभावाचे होते असें नाहीं. संध्याकाळीं गल्लीच्या तोंडाशीं त्या टू-स्ट्रोक इंजिनाचा फटफट आवाज उठला कीं काकू चहाचें आधण ठेवीत. पेठेंत तशा शंभर गाड्या होत्या. तरी काकूंचें आधण चुकून दुसऱ्याच्या गाडीसाठीं ठेवलें गेलें, असें घडलें नाहीं.

कायद्याप्रमाणें खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून मुदत वाढवून घ्यावी लागते. अप्पांनीं ती १९९९, २००४, २००९ व २०१४ सालीं वाढवून घेतली. दरम्यान जग पालटलें. कमी पेट्रोलांत अधिक पळणाऱ्या मोटारसायकली आल्या, बटण दाबतांच सुरू होणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरी आल्या, आणि २००९ च्या अखेरीस बजाज कंपनीनें स्कूटर बनविणें सोडून देण्याचा निर्णय जाहीर केला. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरूस गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. गाडी राहिली, आणि तिच्यावर पूर्वींचींच दोघें राहिलीं.

अपघात झाला तो सायंकाळीं. अप्पा व काकू टिळक रस्त्यानें स्वारगेटकडे चाललीं होतीं. पाऊस नुकताच थांबला होता आणि रस्त्यावर चिखलाचें पातळ सारवण झालें होतें. पुढें चाललेली रिक्षा उतारू दिसतांच एकाएकीं वळली. अप्पांनीं दोन्ही ब्रेक दाबले. पुढचा लागलाच नाहीं. सर्व काम मागच्या ब्रेकवर पडलें, मागचें चाक जागच्या जागीं अडकून घसरलें, आणि गाडी तिरपी होत पुढच्या चाकानें पदपथाच्या दगडी कडेवर आदळली. अप्पांना खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. काकूंचें उजवें मनगट मोडलें. डोक्याला मार बसला नाहीं हें दैवच, कारण शिरस्त्राण अप्पांच्या डोक्यावर होतें, काकूंच्या नव्हतें. पुणेकर व शिरस्त्राण यांचें वैर सर्वश्रुत आहे. त्याविषयीं येथें अधिक बोलावयास नको.

रिक्षावाल्यानें दोघांना आपल्याच रिक्षेंत घालून दवाखान्यांत पोंचविलें. दुसऱ्या दिवशीं तो मोसंबीं घेऊन घरीं आला, काकूंच्या पायां पडला आणि म्हणाला, "चूक माझी झाली, काका. गाडीचा खर्च सांगा, हप्त्यानें देईन." वाड्यांतल्या मंडळींनीं त्याला बरेंच ऐकविलें. अप्पा एवढेंच म्हणाले, "पाहूं."

हा 'पाहूं' त्यांच्या घशांत अडकून राहिला. कारण ज्येष्ठांतच मिस्त्रीनें त्यांना दोन वेळां सांगितलें होतें कीं, पुढच्या ब्रेकची तार उसवत चालली आहे, बदलून टाका. तारेला पैसे ते किती लागणार! पण अप्पांनीं ती बदलली नाहीं. चौतीस वर्षांच्या सहवासानें त्यांना असें वाटूं लागलें होतें कीं ही गाडी आपल्याला दगा देणार नाहीं. माणसाच्या बाबतींत असा विश्वास ठेवणें एक वेळ ठीक आहे. तारेला विश्वास कळत नाहीं. त्या सायंकाळीं अप्पांनीं मूठ आवळली तेव्हां तार तटकन् तुटली होती. तो आवाज त्यांनीं ऐकला होता, आणि तो दुसऱ्या कोणी ऐकला असेल असें त्यांना वाटत नव्हतें.

म्हणून ते दुरुस्तीच्या मागें लागले. गाडी उभी राहिली, पूर्वींसारखी फटफटली, तर जणूं कांहीं झालेंच नाहीं असें होणार होतें. काकू प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून पडलेल्या, आणि अप्पा नाना पेठेंतील सुट्या भागांच्या दुकानांत पुढचा फोर्क शोधीत फिरत आहेत, असे चार दिवस गेले. फोर्क मिळाला. हँडल मिळालें. दिव्याची कांचहि मिळाली.

पांचव्या दिवशीं मिस्त्री वाड्यांत आला. त्यानें मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून धरली, एका डोळ्यानें पाहिलें, दोरी गुंडाळून खिशांत घातली. मग पुढची ढाल जेथें पायाखालच्या फळीस मिळते त्या सांध्यावर त्यानें बोट ठेवलें. तेथें पत्रा फाटला होता. आणि फळीखालचा भागहि एका बाजूस पिळला होता.

"अप्पा, बाकी सगळें मिळेल," तो म्हणाला, "पण ही बॉडीच वाकली."

याचा अर्थ समजावयास या गाडीचें कूळ पाहिलें पाहिजे. चेतकचा वंश इटलींतील वेस्पाचा. पोंतेदेरा या गांवीं पिआज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धांत तो बाँबफेकीनें उध्वस्त झाला, आणि पराभवानंतर इटलीला विमानें बांधण्याची मोकळीक उरली नाहीं. रस्ते फुटलेले, लोकांच्या हातांत पैसा नाहीं. अशा वेळीं एन्रिको पिआज्जोनें सामान्य माणसासाठीं एक स्वस्त वाहन करावयाचें ठरविलें आणि तें काम कोर्रादिनो दास्कानिओ या इंजिनिअरकडे दिलें. हा गृहस्थ विमानविद्येंतला. हेलिकॉप्टरच्या प्रयोगांसाठीं त्याचा लौकिक. मोटारसायकल त्याला मुळींच आवडत नसे. ती अवजड, बसावयास गैरसोयीची आणि साखळीच्या तेलानें कपडे बिघडविणारी, असें त्याचें मत होतें. तेव्हां त्यानें साखळीच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाशीं पत्र्याखालीं झांकलें, गिअर हातांत आणला, पाय ठेवावयास सपाट फळी दिली, आणि पुढचें चाक विमानाच्या चाकाप्रमाणें एका बाजूच्याच दांड्यावर बसविलें. २३ एप्रिल १९४६ रोजीं पेटंटाचा अर्ज दाखल झाला. मागून फुगीर व मध्यें बारीक अशी ती आकृति पाहून पिआज्जोला गांधीलमाशी आठवली. इटालियन भाषेंत गांधीलमाशीला वेस्पा म्हणतात. भारतांत बजाज कंपनीनें १९६० च्या सुमारास परवान्यानें ही गाडी बनविण्यास आरंभ केला. १९७१ सालीं परवान्याची मुदत संपली आणि पुढल्या वर्षीं चेतक आली. चेतकचा मूळ बांधा वेस्पाचाच राहिला.

या बांध्यांतली खरी गोम अशी कीं, त्यांत वेगळा सांगाडा नाहीं. मोटारसायकलीला लोखंडी नळ्यांचा सांगाडा असतो. त्यावर टांकी, बैठक, दिवा हीं बसविलेलीं असतात. येथें विमानाच्या अंगाप्रमाणें दाबून व जोडून आकार दिलेला पोलादी पत्रा हाच सांगाडा आणि हेंच शरीर. बैठकीखालचा पत्रा, फळी, ढाल हीं सर्व मिळून भार वाहतात. म्हणून गाडी सुटसुटीत होते, स्वस्त होते, आणि धोतर नेसून किंवा लुगडें नेसूनहि तिच्यावर बसतां येतें. पण मुख्य पत्रा एकदां पिळला कीं कोणता भाग बदलावयाचा हा प्रश्नच उरत नाहीं, कारण मग बदलावयाची म्हणजे सगळी गाडीच.

"वेल्डिंग होतें," मिस्त्री म्हणाला. "ठोकून बराचसा सरळ करीन. वरून रंग मारला तर तुम्हांला स्वतःला दिसणार नाहीं. पण वेगांत हँडल एका अंगाला खेंचील, आणि पुन्हा कोठें आपटली तर सांधा तेथेंच उघडेल. तुम्हीं बसूं नये, काकूंना तर बसवूंच नये."

ही बातमी कशी कोण जाणे कोथरूडच्या एका तरुणाच्या कानीं गेली. जुन्या स्कूटरी जमवून नीटनेटक्या करण्याचा त्याला नाद होता. तो आला, गाडीभोंवतीं फिरला, इंजिन ऐकलें, आणि म्हणाला, "काका, २५,००० देतों. आहे तशी. वेल्डिंग, रंग माझ्याकडे." भंगारवाल्यानें दीड हजार सांगितले होते. पैशांपेक्षां अप्पांना मोह झाला तो निराळ्याच गोष्टीचा: गाडी जगणार होती. कधीं रविवारीं सकाळीं ती टिळक रस्त्यानें जातांना दिसणार होती.

जातां जातां त्या तरुणानें विचारलें, "चासी सरळ आहे ना? वरचा पत्राच फाटलाय ना फक्त?"

मिस्त्री खालीं पाहूं लागला. अप्पा म्हणाले, "उद्यां सांगतों."

त्या रात्रीं त्यांना झोंप लागली नाहीं. दिवा न लावतां ते काकूंच्या खाटेशीं बसले आणि म्हणाले, "अगं, रिक्षेचा दोष नव्हता. पुढच्या ब्रेकची तार गेली. मिस्त्रीनें मला आधींच सांगितलें होतें."

काकू बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "माहीत आहे मला. तो सांगत होता तेव्हां मी मागें पिशव्या घेऊन उभीच होतें."

"मग बोलली कां नाहींस?"

"तुम्हीं म्हणालांत, पुढच्या महिन्यांत. मलाहि वाटलें, पुढच्या महिन्यांत." मग थोडें थांबून म्हणाल्या, "त्या रिक्षावाल्या पोराला मात्र सांगा हो. मोसंबीं घेऊन आला होता बिचारा."

नवरा-बायकोंत याहून अधिक बोलणें झालें नाहीं. वाड्यांतील पातळ भिंतींपलीकडे जेवढें ऐकूं गेलें, तेवढेंच हें.

सकाळीं अप्पांनीं त्या तरुणाला बोलावून पत्र्याचा पीळ स्वतः बोट ठेवून दाखविला. तरुण हिरमुसला खरा, पण नाद असलेला माणूस सहजीं मागें हटत नाहीं. तो म्हणाला, "मी चालविणार नाहीं. नुसती घरांत ठेवीन." अप्पा म्हणाले, "तुम्ही नाहीं चालविणार, हें मी मानतों. पण उद्यां तुमच्याकडून कोणी घेईल. तो विचारील, सरळ आहे ना? तेव्हां रंग मारलेला असेल. त्याला कोण सांगणार?" तरुणानें पुन्हा एकदां गाडीकडे पाहिलें. मग त्यानें फक्त दिव्याभोंवतीचें चकचकीत कडें मागितलें, आणि अप्पांनीं तें त्याला बिनमोल दिलें.

रिक्षावाला स्वारगेटच्या थांब्यावर सांपडला. अप्पांनीं त्याला तारेची हकीकत सांगितली आणि खर्चाचें मनांतून काढून टाकावयास सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें, आणि म्हणाला, "तरी वळलों मीच ना, काका." दोघांनाहि यापुढें काय बोलावें हें सुचलें नाहीं, मग दोघांनीं उभ्याउभ्या चहा घेतला.

मोटार वाहनांच्या १९८८ च्या कायद्याचें ५५ वें कलम असें सांगतें कीं, वाहन नष्ट झालें किंवा कायमचें निकामी झालें तर मालकानें चौदा दिवसांच्या आंत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यास तसें कळवून नोंदणीपुस्तक परत करावें. कायद्याची भाषा रुक्ष असते. पण ती निदान माणसाला तारीख घालून देते. अप्पांनीं तारीख ठरविली तेव्हां तेरावा दिवस होता. हा योगायोग वाड्यांतील एका वृद्ध बाईंच्या ध्यानांत आला व त्या तसें बोलल्याहि. अप्पांना तें आवडलें नाहीं.

मिस्त्रीनें वापरण्यासारखे भाग काढून घेतले: बैठक, दोन्ही बाजूंचे पत्रे, चाकें. पेठेंत अजून अशा दहा-वीस गाड्या त्याच्याकडे येतात, त्यांना ते उपयोगी पडणार होते. पेट्रोलची टांकी उघडली तेव्हां तळाशीं पावशेरभर पेट्रोल निघालें, तेल मिसळलेलें. त्याचा वास जिन्यापर्यंत आला. काकू प्लॅस्टरचा हात गळ्यांत अडकवून खालीं उतरल्या. हळदकुंकू आणतील असें बायकांना वाटलें होतें. त्यांनीं कांहीं आणलें नव्हतें. गेल्या दसऱ्याला बांधलेल्या झेंडूच्या माळेचा दोरा हँडलच्या मुळाशीं अजून अडकलेला होता. फुलें केव्हांच गेलेलीं. तो दोरा त्यांनीं डाव्या हातानें, गांठ न तोडतां, बराच वेळ खपून सोडविला आणि मुठींत धरून त्या वर गेल्या.

मग मिस्त्रीनें छिन्नीनें चासीच्या नंबराचा पत्रा कापला. बोटभर लांबीचा तो तुकडा. कांठ धारदार, मागें हिरवट जुना रंग. अप्पांनीं तो वर्तमानपत्रांत गुंडाळला. उरलेलें शरीर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलें. गल्लीचें वळण अरुंद आहे. तेथें हातगाडी अडली तेव्हां अप्पा स्वतः पुढें झाले आणि मागून हात लावून त्यांनीं ती पार करून दिली.

दुसऱ्या दिवशीं परिवहन कचेरींत खिडकीवरच्या कारकुनानें अर्ज पाहिला, पुस्तक पाहिलें, पुडी उघडून तुकड्यावरचा नंबर बोटानें ताडून पाहिला. "१९८४?" तो म्हणाला. अप्पा म्हणाले, "होय." त्यानें शिक्का मारला.

अप्पा बसनें परत निघाले. गर्दी होती, तरी एका मुलीनें उठून त्यांना जागा दिली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. अप्पा खिडकीबाहेर पाहात होते. आणि बस प्रत्येक थांब्यापाशीं मंद होऊं लागली कीं त्यांचा उजवा पाय आपोआप खालीं दाबला जात होता.